सीमा न जाणणारी संकटे : आक्रमक वनस्पती, पीकरोग आणि जपानचा सामायिक लढा

टोकियो महानगर प्रांताच्या पश्चिमेकडील ओमे हे शहर ‘उमे’च्या बहरासाठी प्रसिद्ध. जर्दाळूच्या गोत्रातले हे झाड वसंताच्या आधी फुलते आणि तेथील योशिनो बाइगो परिसरातील बाग पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येत. मे 2014 मध्ये, त्या वर्षीचा पुष्पोत्सव आटोपल्यावर, या बागेतील उरलीसुरली सर्व उमेझाडे तोडण्यात आली. वरवर निरोगी दिसणारी झाडेही त्यातून सुटली नाहीत. आक्रमक वनस्पती आणि वनस्पतिरोग यांच्याविरुद्धचे प्रादेशिक सहकार्य कोणती किंमत मागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ओमेची बाग का तोडली?

कारण होते ‘प्लम पॉक्स’ हा विषाणू. आलुबुखार, पीच, जर्दाळू अशा फळझाडांना तो ग्रासतो. माणसाला त्याचा अपाय नाही. मात्र बाधित झाडावर उपचारही नाही. मावा ही कीड तो जवळच्या झाडांवर नेते, तर बाधित कलमे व रोपे त्याला शेकडो किलोमीटर दूर पोहोचवतात. 2009 मध्ये जपानमध्ये तो प्रथम ओमेत आढळला. त्यानंतर ओसाका, ह्योगो यांसारख्या दूरच्या प्रांतांतही त्याची नोंद झाली.

1950 च्या वनस्पती संरक्षण कायद्यान्वये केंद्र सरकारने 2010 मध्ये तातडीची नियंत्रण मोहीम सुरू केली. बाधित क्षेत्रातून रोपे बाहेर नेण्यास बंदी आली, झाडांची तपासणी झाली आणि बाधित व संशयित झाडे नष्ट करण्यात आली. कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या बागेचे मोल पैशांत पुरते भरून येत नाही. ओमेने हा भार उचलला तो केवळ स्वतःसाठी नव्हे, तर देशभरातील फळबागायतदारांसाठी. देखरेखीचा काळ संपल्यावर 2016 पासून तेथे पुन्हा लागवड सुरू झाली. 2021 मध्ये देशव्यापी मोहीमही समाप्त झाली.

बिवा सरोवर : एक तुकडाही पुरेसा

रोगाप्रमाणेच तणही प्रशासकीय हद्द पाळत नाही. शिगा प्रांतातील बिवा हे जपानचे सर्वांत मोठे सरोवर. त्याचे पाणी सेता, उजी व योदो या नावांनी वाहत क्योतो व ओसाकाकडे जाते. सरोवराच्या आकानोई उपसागरात 2009 मध्ये एक दक्षिण अमेरिकी पाणवनस्पती आढळली. फुले पिवळी व देखणी, पण खोडाचा लहानसा तुकडाही नवे रोप होऊन रुजतो. प्रथम आढळली तेव्हा तिने सुमारे 142 चौरस मीटर जागा व्यापली होती. 2014 च्या अखेरीस हे क्षेत्र सुमारे दोन लाख चौरस मीटरवर गेले. होड्यांची वाट अडली आणि मासेमारीला फटका बसला.

यावर शिगा प्रांत, किनाऱ्यावरील स्थानिक संस्था, मच्छीमार आणि स्वयंसेवी गट एकत्र आले. यंत्राने मोठे पुंजके काढायचे, उरलेले तुकडे हाताने वेचायचे आणि नंतर गस्त चालू ठेवायची, अशी कामाची वाटणी झाली. पसारा बराच घटला. तरी गस्त थांबवता येत नाही. एका नगरपालिकेने केलेली ढिलाई शेजारच्या किनाऱ्यावर उगवते.

परकीय आक्रमक प्रजातींविषयीचा जपानचा कायदा 2005 पासून अमलात आहे. निर्दिष्ट प्रजाती बाळगणे, वाढवणे वा जिवंत स्वरूपात वाहून नेणे यांवर त्यात बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीने केंद्र, प्रांत व स्थानिक संस्था यांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट केल्या.

देशांच्या सीमेपलीकडे

उशिरा जागे होण्याची किंमत पाइन वृक्षांच्या मर रोगाने दाखवली. नागासाकी परिसरात 1905 च्या सुमारास झाडे वाळू लागली; पण एक सूक्ष्म सूत्रकृमी त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध व्हायला 1971 उजाडले. हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेचा. लांब मिशांचा भुंगेरा त्याला झाडाझाडांवर नेतो, तर लाकडाचा व्यापार समुद्रापार. चीनमध्ये 1982, दक्षिण कोरियात 1988 आणि पोर्तुगालमध्ये 1999 साली त्याची नोंद झाली. 2002 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, मालाच्या लाकडी खोक्यांवर उष्णतेची प्रक्रिया करताना लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान किमान 30 मिनिटे राखावे लागते. एका देशाची खबरदारी दुसऱ्या देशाच्या जंगलाचे रक्षण करते, हेच या नियमामागचे सूत्र.

मराठी वाचकाला हे चित्र परके नाही. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत देशभर पसरले. त्यावर सोडलेला भुंगेरा मेक्सिकोतून आणावा लागला. पवना, इंद्रायणीतील जलपर्णीही पाण्याबरोबर पुढच्या गावाच्या हद्दीत जाते. तिथेही वरच्या गावाने काढलेली जलपर्णी हा खालच्या गावाचा लाभ असतो, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे आधी ठरवावे लागते. ओमेत ते कायद्याने ठरवले होते. म्हणूनच बाग तोडता आली आणि पुन्हा लावताही आली.