विवाहवय आणि घरांतील मौन

मुलें वयांत आलीं म्हणजे आईबापांनीं त्यांच्याशीं कामविषयक गोष्टी बोलाव्या कीं नाहीं, हा प्रश्न केवळ आजचा समजला जातो. आमच्या मतें त्यास इतिहास आहे, आणि तो विवाहवयाच्या इतिहासाशीं निगडित आहे. तेवढाच मुद्दा येथें मांडावयाचा आहे.

जुन्या ब्राह्मणी घरांत मुलीचें लग्न ऋतुप्राप्तीपूर्वीं होत असे. न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवीत, सुवासिनी ओटी भरीत. पुढें ऋतुशांति व गर्भाधान हे विधि होत. जी गोष्ट आई मुलीशीं उघडपणें बोलत नसे, ती साऱ्या आळीस वाजतगाजत कळे. यास शिक्षण म्हणवत नाहीं. कारण अर्थ उमगण्यापूर्वींच मुलीवर प्रसंग येई. भाषाहि आडपडद्याचीच : 'न्हाण येणें', 'पदर येणें', 'कावळा शिवणें'. तथापि विधि होता, म्हणून संवादाची उणीव फारशी उघडी पडत नसे.

ही घडी मोडण्यास कायदा एक मोठें कारण झाला. १८६० च्या दंडसंहितेनें संमतिवय १० वर्षें ठरविलें होतें. १८८४ त बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहाविरुद्ध चळवळ आरंभिली. १८९० त कलकत्त्यास फुलमणि दासी ही अल्पवयी विवाहिता पतीच्या बळजोरीनें मृत्यु पावली, आणि १८९१ त संमतिवय १२ झालें. टिळकांनीं परकी सरकारचा धर्मांत हात नको म्हणून विरोध केला, उलट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं त्याच वर्षीं धर्मशास्त्राचींच वचनें काढून सुधारणेची बाजू मांडली. पोथ्यांचा शोध घेण्यांत आयुष्य वेंचलेल्या पंडितानें पोथीचा असा उपयोग करावा, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१९२९ च्या शारदा कायद्यानें विवाहवय मुलींस १४ व मुलांस १८ ठरविलें. कायदा पुष्कळ ठिकाणीं मोडला गेला, तरी शिक्षण व शहरवस्ती यांमुळेंहि लग्नें लांबत चाललीं होतीं. न्हाण व लग्न यांमध्यें कांहीं वर्षांचें अंतर पडलें. मखर गेलें, त्याच्या जागीं शब्द मात्र आला नाहीं.

ती पोकळी रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकानें जुलै १९२७ पासून उघड केली. घरांत विचारतां न येणारे प्रश्न वाचक तेथें विचारीत, व कर्वे निःसंकोच उत्तर देत. अशाच प्रश्नोत्तरांबद्दल १९३४ त त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बचाव केला. तरीहि २०० रुपये दंड झालाच. पुढें २००७ त महाराष्ट्रांतील शाळांतून लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास बंदी झाली, तेव्हां हाच वाद नव्या वेषांत उभा राहिला. घर शाळेकडे बोट दाखवितें, शाळा घराकडे; मूल मध्येंच राहतें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच : या विषयाचीं साधनें दरबारी दप्तरांत विरळ. तीं घरगुती पत्रांत, ऋतुशांतीच्या खर्चाच्या यादींत, बायकांच्या गाण्यांच्या वह्यांत असावयाचीं. आणि वाडा विकतांना घरचीं माणसें लाजेनें प्रथम तींच जाळतात. अशीं पानें अशिष्ट म्हणून बाजूस टाकूं नयेत. पूर्वजांनीं काय लपविलें हें कळल्याशिवाय आपण मुलांस काय सांगावें, याचा विचार अपुराच राहील.