सवड कुणाची? नोकरी सांभाळून संगणकाची पदवी घेणाऱ्यांचा इतिहास



आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण भेटायला आला. तळेगावकडं एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि दूरशिक्षणातून बीसीए करतो. म्हणाला, "सर, आमच्याकडं सगळे म्हणतात, ही दुय्यम पदवी. खरं शिक्षण पूर्णवेळ कॉलेजातलंच. तुम्हाला काय वाटतं?" मी त्याला तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी जाताना माझं मलाच ते लागून राहिलं. म्हणून आज त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायचा प्रयत्न करतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा सुरुवात ग्रीकांपासून केली तर रागावू नका. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द आला आहे ग्रीक 'स्कोले' या शब्दावरून, आणि स्कोले म्हणजे सवड. ज्याला पोटासाठी राबावं लागत नाही, त्याच्या हाताशी असलेला मोकळा वेळ. अ‍ॅरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्याच भागात म्हणतो की गणिती शास्त्रं प्रथम इजिप्तमध्ये उगवली, कारण तिथल्या पुरोहितवर्गाला सवड होती. म्हणजे आधी सवड, मग ज्ञान. शेतात, भट्टीवर, गिरणीत ज्याचा दिवस जातो, त्यानं ज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असं अ‍ॅरिस्टॉटल थेट म्हणतो असं नव्हे. पण त्याच्या विचाराचा कल तिकडंच जातो. आपल्याकडं तर यासाठी अ‍ॅरिस्टॉटलची गरजच पडली नाही. कुणी शिकायचं आणि कुणी राबायचं याची वाटणी आपण जन्मावरच करून ठेवली होती. त्या तरुणाला जे 'दुय्यम' ऐकून घ्यावं लागतं, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

आता गंमत बघा. ज्या विषयात तो पदवी घेतो आहे, त्या संगणकशास्त्राचा इतिहास मात्र या समजुतीच्या अगदी उलट जातो.

१८२३ साली लंडनमध्ये स्ट्रँड भागातल्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या एका खानावळीत सभा भरली. जॉर्ज बर्कबेक हे डॉक्टर तिच्या अग्रभागी होते. त्याआधी, १८०० च्या सुमारास, ग्लासगोमध्ये त्यांनी कारागिरांसाठी विज्ञानाची व्याख्यानं दिली होती. यंत्रं हातानं घडवणाऱ्या माणसालाच त्या यंत्रामागचं शास्त्र कुणी सांगत नाही, हे त्यांच्या मनाला खटकलं होतं. लंडनच्या त्या सभेतून 'लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' उभी राहिली. दिवसभर काम, संध्याकाळी व्याख्यान. कामगार शिकले तर डोक्यावर बसतील, अशी ओरड तेव्हाही झालीच. १८३० साली या संस्थेनं स्त्रियांनाही प्रवेश दिला. पुढं हिचंच बर्कबेक कॉलेज झालं आणि १९२० साली ते लंडन विद्यापीठात सामील झालं. संध्याकाळी शिकवायचं हा रिवाज त्यांनी सोडला नाही.

अशा मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट मग गावोगावी निघाल्या. त्यातली एक होती लिंकन या गावात. तिथं जॉन बूल नावाचा एक चांभार होता. धंद्यापेक्षा दुर्बिणी आणि भिंगं यांत त्याचा जीव जास्त. तो या संस्थेच्या ग्रंथालयाचं काम बघू लागला. त्याचा मुलगा जॉर्ज. घर चालवण्यासाठी हा मुलगा सोळाव्या वर्षी शिक्षकाच्या नोकरीला लागला आणि एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातली पुस्तकं घेऊन गणित शिकायचं, हा त्याचा क्रम. १८३५ साली त्याच संस्थेत त्यानं न्यूटनवर व्याख्यान दिलं. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. १८४७ साली त्यानं तर्कशास्त्राला बीजगणिताचं रूप देणारं छोटं पुस्तक लिहिलं, १८४९ साली तो आयर्लंडमध्ये कॉर्कला थेट प्राध्यापक झाला आणि १८५४ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. आज प्रत्येक संगणकाच्या पोटात जे 'बूलियन' गणित चालतं, ते या माणसाचं. म्हणजे या शास्त्राचा एक मूळपुरुष आयुष्यभर नोकरी करून शिकलेला आहे!

आणि १८४७ हे साल लक्षात ठेवा बरं का. त्याच वर्षी आपल्या मुंबईत सरकारी टांकसाळ आणि गोदी इथल्या कारागिरांनी आणि फोरमन मंडळींनी मिळून एक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. तिला पुढं ससून घराण्याची देणगी मिळाली आणि १८७० साली तिची इमारत उभी राहिली. काळा घोड्याला तुम्ही डेव्हिड ससून लायब्ररी बघता ना, तीच ही. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा आठवण ठेवा की ही वास्तू मुळात ज्यांच्यासाठी होती, ते दिवसभर यंत्रावर काम करणारे लोक होते.

बूलचं तर्कशास्त्र जवळजवळ ऐंशी वर्षं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या वर्गातच पडून होतं. क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानं मिशिगनला तत्त्वज्ञानाच्या एका तासाला ते ऐकलं आणि १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेच्या रिलेंचं जाळं या बीजगणितानं मांडता येतं. रिले म्हणजे विजेनं आपोआप उघडझाप करणारी बटणं. तेव्हाची टेलिफोन एक्स्चेंज या रिलेंवरच चालत. टेलिफोनची ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

आता परत बर्कबेक कॉलेजात जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं होतं. तिथं स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास चालायचा आणि त्यासाठी डोंगराएवढी आकडेमोड लागायची. त्या गरजेतून अँड्र्यू बूथ आणि कॅथलीन ब्रिटन यांनी रिलेंवर चालणारं गणकयंत्र हाती घेतलं. १९४७ साली दोघं अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन फॉन नॉयमन यांना भेटले. कॅथलीन यांनी त्या यंत्रासाठी सूचना लिहिण्याची जी पद्धत तयार केली, ती असेंब्ली भाषेच्या अगदी पहिल्या नमुन्यांत धरली जाते. पुढं दोघांनी लग्न केलं. १९५७ साली बर्कबेकमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९५८ साली कॅथलीन बूथ यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक आलं. जगातल्या संगणकाच्या जुन्या विभागांपैकी एक विभाग नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या कॉलेजात सुरू झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडं काय होतं? १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही स्वतःच्या घरात. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. बाबासाहेबांनी स्वतः लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करण्यासाठी सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले होते. तेव्हा वेळापत्रक ही काय चीज आहे, ते त्यांना सांगायला नको होतं. प्रवेश सगळ्यांना खुला आहे असं म्हणून तास मात्र दुपारी बारा ते पाच ठेवले, तर दार उघडं असूनही कामगाराला ते बंदच असतं.

पुढं १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. कोठारी आयोगानं अर्धवेळ आणि पत्रद्वारा शिक्षण वाढवा म्हणून सांगितलं. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. आपल्याकडं १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. त्याच सुमाराला कचेऱ्यांमध्ये संगणक येत होते. बँकांत १९८३ साली यांत्रिकीकरणाचा करार झाला, रंगराजन समितीचे अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला एकदम वाटू लागलं, की आपण हे शिकलो नाही तर आपलं काही खरं नाही. असे लोक संगणकाच्या अर्धवेळ वर्गांकडं वळले.

त्यात एक मीही होतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९९४ साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा. साताऱ्याकडं एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. बूल आयुष्यभर फळ्यावर शिकवला, पण तो यंत्रात कसा चालतो ते पाहिलं नव्हतं, म्हणून दूरशिक्षणाच्या संगणक पदवीला नाव घातलं. रविवारी पहाटे पाचची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, अभ्यास केंद्रावर चार तास. एका संगणकावर आम्ही चौघं. पुस्तकांचे गठ्ठे टपालानं यायचे, कधी कधी स्वाध्याय पाठवायची मुदत उलटून गेल्यावर! घरी संगणक नव्हता. मग जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखून प्रोग्रॅम हातानंच चालवून बघायचा. या ओळीनंतर क्ष किती, त्या ओळीनंतर किती. खरं सांगतो, तर्कशास्त्र मला पहिल्यांदा कळलं ते त्या रकान्यांमध्ये.

त्याच एसटीत एक बाई असायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. शनिवारची रात्रपाळी करून त्या तशाच गाडीत बसायच्या आणि खंबाटकी घाट येईपर्यंत झोपायच्या. नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली होती, लोक स्वतः नंबर फिरवून परगावी बोलू लागले होते, आणि ऑपरेटरांचं पुढं काय होणार ते कुणी नीट सांगत नव्हतं. एकदा मी त्यांना शॅननची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे सर, ज्या रिलेंचा आवाज मी बारा वर्षं ऐकते आहे, त्यांचंच हे गणित?" मी हो म्हणालो. पुण्यापर्यंत मग त्या झोपल्या नाहीत.

गणिताच्या पेपरात त्या तीनदा नापास झाल्या. चौथ्यांदा सुटल्या. तीन वर्षांची पदवी त्यांना सात वर्षांत मिळाली. कचेरीनं आधी ती मानायलाच नकार दिला. 'रेग्युलर नाही', एवढाच शेरा. दोन वर्षं अर्ज-विनंत्या केल्यावर त्यांना संगणक विभागात घेतलं.

आणि मी? मी शेवटची दोन सत्रं राहिली असताना सोडून दिलं. विभागप्रमुख झालो, वेळ मिळेना, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणाल तर मला उन्हाळ्याची सुट्टी होती, दिवाळीची होती, आठवड्याला मोजके तास होते. अ‍ॅरिस्टॉटलची सवड माझ्याकडं होती. ताईंकडं रात्रपाळी होती.

बरीच वर्षं मी याचा अर्थ 'त्यांची जिद्द मोठी' असा लावला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. त्यांना रविवार मिळायचा, कारण सासूबाई त्या दिवशी स्वयंपाक आणि मुलं बघायच्या. शनिवारची पाळी बदलून मागू नका, असं एका वरिष्ठानं इतरांना सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांना सोमवारी सुट्टी मिळे. माझ्या सवडीमागं माझी पत्नी होती, आणि ते तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. सवड ही आभाळातून पडत नाही, कुणीतरी ती दिलेली असते. इजिप्तच्या पुरोहितांनाही ती शेत कसणाऱ्यांनीच दिली होती. अ‍ॅरिस्टॉटल एवढंच सांगायचं विसरला. बर्कबेकची संध्याकाळ, सिद्धार्थची सकाळ, फुल्यांच्या घरातली रात्र, ही सगळी माणसांनी ठरवून दिलेली सवड आहे.

आता त्या तरुणाला उत्तर. बाळा, पदवी दुय्यम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२२ साली स्पष्ट केलं आहे, की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. फक्त 'मान्यताप्राप्त' हा शब्द नीट वाच. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्या रद्द ठरवल्या, कारण त्यांना आवश्यक ती परवानगी नव्हती. त्यात नोकरी करून शिकलेल्यांची वर्षं गेली. तेव्हा फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाची, त्या वर्षाची मान्यता स्वतः बघ. एजंटाच्या शब्दावर जाऊ नकोस.

आणि एखादा विषय राहिला, एखादं सत्र हुकलं, तर ते सोडून देऊ नकोस. हे मी सोडून दिलेला माणूस सांगतो आहे.

तुमच्यापैकी जे कुणाचे वरिष्ठ असतील, घरातले मोठे असतील, त्यांना एकच विनंती. आपल्याजवळ कुणी असं शिकत असेल, तर त्याची एक पाळी, एक रविवार सांभाळून घ्या.