चैत्रातली पाटी आणि तिचा इतिहास

मंडळी, चैत्र लागला, की आपल्या आठवड्याच्या बाजाराचा रंगच पालटतो. थंडीतल्या पालेभाज्यांचा दिमाख ओसरतो आणि त्यांच्या जागी कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. नवी चिंच येते. कोकणात फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या नि ओले काजूगर येतात. डोंगरातली बाई लोणच्याची हिरवी करवंदे पाटीत घेऊन कडेला बसते. आपण भाव विचारतो, थोडी घासाघीस करतो, पिशवी भरतो नि घरची वाट धरतो. पण त्या पिशवीत चार-पाचशे वर्षांचा इतिहासही असतो. तो कसा, ते आज पाहू.

बाजार ही आपली जुनीच संस्था. गावातल्या गावात बलुतेदाराला धान्य देऊन काम भागे. पण मीठ, मसाला, कापड हे बाहेरून यायचे. म्हणून आसपासच्या गावांचा मिळून एक वार ठरे. नवी पेठ वसवायची झाली, की राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत, काही वर्षे जकात माफ करीत आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांवर सोपवीत.

आता पाटीकडे वळू. कैरी, फणस, करवंद, जांभूळ ही या मातीतलीच. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात आंबा आणि फणसाबरोबर आपल्या करवंदाचीही नोंद आहे! पण शेजारचा काजू मात्र पाहुणा. तो सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ब्राझीलहून गोव्यास आला आणि कोकणच्या कातळावर असा रुजला, की त्याला परका म्हणायला आज जीभ धजणार नाही. पपई, पेरू, अननस, बटाटा, भुईमूग, मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातली. बटाटा, अननस, काजू हे शब्दही पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले. लेखी कागद हरवले, तरी शब्द साक्ष देतात ती अशी.

हापूसची गोष्ट थोडी निराळी. आंबा आपला, पण गोव्यात कलमे बांधण्याला चालना दिली ती पोर्तुगीज पाद्र्यांनी. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्क याच्या नावावरून ‘हापूस’ हे नाव पडले, असे मानतात. झाड इथले, हुन्नर तिथला, आणि फळ दोघांच्या मेळाचे.

मग मिरची येण्यापूर्वी आपल्या जेवणाला तिखटपणा कशाने येई? याचे उत्तर पाडव्याच्या दिवशी मिळते. कडुलिंबाची पाने, गूळ, हिंग, ओवा आणि मिरी असा तो प्रसाद. त्यात मिरी आहे, मिरची नाही. रोजच्या फोडणीत मिरची शिरली, तरी या प्रसादात जुनी मिरी टिकून राहिली. उलट उपासाचे पाहा. रामनवमीला आपण बटाटा, शेंगदाणे, रताळे आणि साबुदाणा बिनदिक्कत खातो, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यासकट ही चारही पिके परदेशची! परंपरा म्हणजे गोठलेले पाणी नव्हे. तिच्यात नवे मिसळते आणि कालांतराने तेच जुने होते.

पण बाजाराच्या इतिहासात चवीइतकाच दुसरा एक प्रश्न आहे. पिकवणाराच्या हाती काय पडते? मुंबईत १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले, तर पुण्यात १८८६ साली रे मार्केट. पुण्याची मंडई बांधायची ठरली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या या माणसाला इमारतीपेक्षा कुणब्याच्या पोराची शाळा मोलाची वाटली. पुढे या दोन्ही मंडयांना त्यांचेच नाव दिले गेले. नाव देणे सोपे असते. त्यांचा प्रश्न सोडवणे कठीण.

ते प्रयत्नही झाले. वजनकाटा आणि लिलाव यांवर देखरेख राहावी, म्हणून १९३९ साली मुंबई इलाख्यात आणि पुढे १९६३ साली महाराष्ट्र राज्यात बाजार समित्यांचा कायदा झाला. २०१६ साली फळे व भाजीपाला यांवरचे समितीबाहेर विकण्याचे बंधन उठले. त्याच सुमारास कोकमाला आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचा आंबा त्या नावाने विकणे कायद्याने बंद. एका परक्या सरदाराचे नाव आज कोकणच्या बागायतदाराची ढाल झाले आहे!

करवंदे विकणाऱ्या बाईला मात्र असे मानांकन नाही. तिचा माल रानातला, आणि त्याची माहिती तिच्या डोक्यात. कोणती जाळी गोड, कोणते फळ कधी तोडावे, हे कोठल्याच पुस्तकात नाही. तेव्हा गुरुजी आणि बाई, चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी मुलांना पाटी-पेन्सील देऊन बाजारात न्या. प्रत्येक जिनसाचे नाव, गाव आणि विकणाराने सांगितलेला उपयोग टिपून घ्यायला सांगा. आणि शेतकरी बंधूंनो, बांधावरचे जांभूळ, जाळीतले करवंद तोडण्याआधी दोनदा विचार करा. झाड गेले, की काही वर्षांत त्याचे नावही जाते; आणि नाव गेले, की ते होते हे सांगणाराही उरत नाही.