साठ्यानुसार मागणीवाटप
साठ्यानुसार मागणीवाटप : ऑनलाइन दुकानात नोंदविलेली मागणी, मालाचा उपलब्ध साठा पाहून योग्य त्या वखारीकडे वा दुकानाकडे सोपविण्याची पद्धती. तिची पूर्वपीठिका अमेरिकेतील टपालविक्रीत आढळते. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये शिकागो येथे हा व्यवसाय सुरू केला. माल एकाच ठिकाणी असल्याने मागणी कोठे पाठवावी, हा प्रश्न प्रारंभी नव्हता. सीअर्स, रोबक कंपनीने १९०६ मध्ये शिकागोत प्रचंड वखार उभारली व पुढे इतर शहरांत शाखा काढल्या. या शाखांत मागण्यांची विभागणी मुख्यतः ग्राहकाच्या प्रदेशावरून होई. कारण दूरच्या वखारीतील शिल्लक तत्काळ कळण्याची सोय नव्हती. ती उणीव संगणक व बारकोड यांनी भरून काढली. बारकोडाचा किराणा दुकानातील वापर ओहायओ राज्यातील ट्रॉय येथे १९७४ मध्ये सुरू झाला.

ॲमेझॉनने १९९५ मध्ये सिॲटल येथून पुस्तकविक्री आरंभिली आणि १९९७ मध्ये डेलावेअर राज्यात दुसरी वखार उघडली. अशा अनेक वखारी झाल्यावर शिल्लक, अंतर व वाहतूकखर्च यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरला. एका मागणीतील वस्तू दोन ठिकाणी असल्यास दोन पुडकी पाठवावी लागून खर्च वाढतो. महाराष्ट्रात भिवंडी हे अशा वखारींचे मोठे केंद्र आहे.

नोंदीतील वस्तू फुटलेली, हरवलेली वा नुकतीच विकली गेलेली असल्यास मागणी दुसरीकडे वळवावी लागते किंवा रद्द करावी लागते. यासाठी काही नग राखून ठेवतात. मागणीवाटपाचे यश गणितापेक्षाही वखारीतील नोंदींच्या खरेपणावर अवलंबून असते.