दोस्तांच्या दाव्यातले वऱ्हाड

तिवसा येथून पूर्वेची वाट धरली म्हणजे वर्धा नदी लागते. अलीकडे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत असलेले कौंडण्यपूर, पलीकडे आर्वीचा मुलूख. बोली तीच, काळी जमीन तीच, कपाशी तीच, आणि सोयरिकी तर दोन्ही काठांच्या एकमेकांत गुंतलेल्या. असे असूनही १८२२ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, हे पात्र ओलांडणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. ही रेघ कोणी ओढली आणि ती इतकी का टिकली, हा आजचा आमचा विषय आहे.

हल्लीची मुले संगणकावर अवकाशातील साम्राज्यांचे खेळ खेळतात. ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा असा एक खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात हजारो खेळाडू संघ बांधतात, संघांच्या आघाड्या होतात आणि ताऱ्यांचे प्रदेश वाटून घेतले जातात. प्रदेश एका आघाडीच्या नावावर आणि वहिवाट भाडे भरणाऱ्या दुसऱ्या संघाची, असाही प्रकार तेथे चालतो. आणि शत्रूचा बंदोबस्त झाला की दोस्तांमध्येच हद्दीची कटकट सुरू होते. हे प्रथम कानावर आले तेव्हा आम्हांस हसूच आले. हे तर आमचे वऱ्हाड!

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखान पडला आणि निजाम-उल्-मुल्क दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. वऱ्हाडचा सुभा त्याच्या नावावर लागला. पण नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार गावोगाव बसलेले होते आणि अर्ध्याहून अधिक वसूल तेच नेत. निजामाचे धनीपण मात्र भोसल्यांनी कधी नाकारले नाही. हीच ती दोअमली. कुणब्याने एका हाताने मोगलाईला द्यावे आणि दुसऱ्या हाताने भोसल्यांना, अशी ती व्यवस्था होती.

ती मोडली १८०३ मध्ये. २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. नरनाळा व गाविलगड यांच्या लगतचा थोडा मुलूख वगळता वर्धेच्या पश्चिमेचे सारे भोसल्यांनी सोडले आणि ते इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, निजामाला, देवविले. पुढे १८२२ च्या तहाने वर्धा ही वऱ्हाडची पूर्वसीमा पक्की झाली. मोगलाईचे धनीपण आता एकहाती झाले. दोस्ती फळास आली असे हैदराबादेत त्या वेळी कोणास वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु या दोस्तीचा खर्च वेगळा होता. १८०० च्या तहान्वये तैनाती फौजेसाठी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख निजामाने आधीच देऊन टाकला होता. त्याखेरीज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘कंटिंजंट’ नावाची आणखी एक फौज उभी राहिली. परतवाड्याला तिची छावणी होती. तिच्या पगारासाठी निजामाचा दिवाण चंदुलाल पामर कंपनीकडून भारी व्याजाने रकमा उचलू लागला. कर्ज वाढत गेले. शेवटी धनको खुद्द कंपनी सरकारच झाले, आणि २१ मे १८५३ रोजी डलहौसीच्या आग्रहाखाली, फौज चालून येण्याची धास्ती दाखविली गेल्यावर, नासिरुद्दौल्याने वऱ्हाड, धाराशिव व रायचूरचा दोआब इंग्रजांच्या हवाली केला.

येथे शब्द नीट पाहावे लागतात. मुलूख जिंकला नव्हता, विकतही घेतला नव्हता. तो ‘नेमून दिला’ होता. दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, नदीपलीकडचे नागपूरचे राज्य वारस नाही म्हणून डलहौसीने सरळ खालसा केले. एकाच गव्हर्नर जनरलने, वर्षभराच्या आत, एकाच नदीचे दोन काठ दोन तऱ्हांनी घेतले. आर्वी इंग्रजांची झाली आणि तिवसा निजामाचेच राहिले. दोन्हीकडे सारा मात्र इंग्रजच घेऊ लागले.

१८५७ मध्ये सालारजंगाने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूस राखले. त्याचे बक्षीस १८६० मध्ये मिळाले : धाराशिव व दोआब परत आले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र राहिले. कर्ज फिटले, तर गहाणाचे शेत परत का नाही? सालारजंगाचा हा प्रश्न साधा होता आणि तो घेऊन १८७६ मध्ये तो विलायतेपर्यंत गेला. पण फौजेचा खर्च चालूच होता, आणि वसुलातून कारभाराचा खर्च वजा जाता उरेल तेच निजामाचे. तो खर्च ठरविणारे इंग्रज. गहाणवटीचा हिशेब सावकाराच्याच चोपडीत असला म्हणजे काय होते, ते वऱ्हाडच्या शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. शिवाय मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला होता, आणि १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली होती. असे शेत कोण सोडतो?

१९०२ मध्ये कर्झनने हा दावा मिटविला असे म्हणतात. वर्षाला पंचवीस लाख रुपये आणि कायमचा पट्टा. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले. दावा काही मिटला नाही. १९२३ मध्ये मीर उस्मान अलीने पुन्हा मागणी केली आणि वऱ्हाडकरांना अंतर्गत स्वराज्यही देऊ केले. हा निजाम ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ अशी पदवी अधिकृतपणे मिरवणारा! २७ मार्च १९२६ च्या पत्रात लॉर्ड रीडिंगने त्यास कळविले की, ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाही. दोस्त या शब्दाचा अर्थ तेव्हा कोठे स्वच्छ झाला.

आणि वऱ्हाडची माणसे? १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, ते कायद्याने पाहता निजामाच्या भूमीवर. १९१९ च्या सुधारणांनंतर आमचे प्रतिनिधी निवडून येत, पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नाही म्हणून नागपूरच्या कौन्सिलात सरकारला त्यांची पुन्हा ‘नेमणूक’ करावी लागे. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि निजामाचा ध्वजही इंग्रजी निशाणाशेजारी फडकू लागला. या राजपुत्राने वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही.

८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोल्यास आणखी एक करार झाला. तोही दोस्तांमधलाच, पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या पुढाऱ्यांमधला. पण या वेळी शंकरराव देवांबरोबर अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींचीही सही होती. त्या कराराचे पुढे काय झाले, त्यास वेगळे व्याख्यान लागेल.