मोच्याची बॅट

आठवीत असताना बॅट हलकी करायची म्हणून मी तिची पाठ पॉलिश पेपरने घासली होती. दोन रविवार घासली. तिसऱ्या रविवारी एका यॉर्करवर खालचा कोपराच उडाला. लाकडाला 'अनडू' नसतं हे तेव्हा कळलं. बॅट बनवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे तो तेव्हापासून. त्यातही जॉन स्मॉलबद्दल जास्त.

हा इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या पीटर्सफील्डचा. जन्म १७३७चा. धंद्याने मोची. कातडं ताणायची, घट्ट टाका घालायची हाताला सवय, त्यामुळे बूट सोडून तो चेंडू बनवायला लागला तर नवल नाही. पण पठ्ठ्या बॅटीही बनवायचा, आणि जवळच्या हॅम्बल्डन क्लबकडून खेळायचाही. खेळायचा म्हणजे कसा, तर त्या काळच्या सर्वोत्तम फलंदाजांत त्याचं नाव घेतात.

तोपर्यंतची बॅट हॉकी स्टिकसारखी खाली वळलेली असे, कारण चेंडू जमिनीवरून सरपटत यायचा. १७६०च्या आसपास गोलंदाज हात खालूनच फिरवत, पण चेंडूला टप्पा द्यायला लागले. झालं! वाकडी बॅट एका फटक्यात निकामी. सरळ बॅटीचं श्रेय बरेच जण स्मॉलला देतात. एकट्याचं डोकं असेल असं मला वाटत नाही, पण विचार करा: शनिवारी ज्याचा त्रिफळा उडतो, तोच सोमवारी रंधा हातात घेतो. वापरणारा आणि बनवणारा एकच. (आमच्या प्रोजेक्टमध्ये हे कधी घडेल, देव जाणे.)

बरं, काम सोपं नव्हतं. तेव्हा मूठ आणि पातं एकाच लाकडाचं. मार बसला की झिणझिण्या थेट हातात. पात्यात खाच पाडून वेताची मूठ बसवायची युक्ती १९व्या शतकातली. म्हणजे तोल साधायचा तो फक्त कुठून किती तासायचं यावर. ते शिकवायला पुस्तक नव्हतं.

आता माझा आवडता किस्सा. २३ सप्टेंबर १७७१. हॅम्बल्डनविरुद्ध चर्टसी. चर्टसीचा थॉमस व्हाइट चक्क स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला! नियमात रुंदीबद्दल काहीच नव्हतं, त्यामुळे बोलणार काय? दोनच दिवसांत हॅम्बल्डनने ठराव केला: रुंदी सव्वाचार इंच, जास्त नाही. त्यावर सही करणाऱ्यांत स्मॉल होता. रुंद बॅटी विकून त्याला चार पैसे जास्त मिळाले असते की! पण लाकूड वाढवून खेळायचं, तर बॅट बनवणाऱ्याचं कसब कशाला हवं? १७७४ साली ही रुंदी नियमांत आली आणि आजही तेवढीच आहे.

पुढे १७७५ साली 'लम्पी' स्टीव्हन्सचे चेंडू तीनदा याच स्मॉलच्या दोन स्टंपांमधून आरपार गेले. बेल पडेना, गडी बाद होईना. मग तिसरा स्टंप आला. सामना मात्र स्मॉलने जिंकून दिला होता.

असो. संशय आला की बॅट घालून बघायला हॅम्बल्डन क्लबने एक लोखंडी चौकट करून ठेवली होती. २०२५च्या आयपीएलमध्ये पंचांनी मैदानातच तसलं गेज काढलं आणि हार्दिक पंड्याची बॅट त्यातून घालून पाहिली. गेली.