अवर्षण ताण आणि पिकांचे नत्र चयापचय

जमिनीतील ओलावा पिकाच्या गरजेपेक्षा कमी पडला की वनस्पतीवर येणाऱ्या ताणास अवर्षण ताण म्हणतात. या ताणात पीक पाण्याबरोबर नत्राच्या वापरातही फेरबदल करते. बाहेरून नत्र घेणे मंदावते, जुन्या पानांतील नत्र पुन्हा वापरले जाते आणि त्याचा काही भाग पेशींच्या संरक्षणाकडे वळतो. दाण्याचे उत्पादन व त्यातील प्रथिने यांवर या फेरबदलाचा मोठा परिणाम होतो.

नत्राचे ग्रहण आणि पुनर्वापर

नायट्रेट पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोहोचते. माती सुकल्यावर हा पुरवठा आटतो. पर्णरंध्रे मिटल्याने पानांकडे जाणारे नायट्रेटही घटते आणि नायट्रेट रिडक्टेज या विकराचे कार्य मंदावते. म्हणून जमिनीत खत असूनही पिकाला नत्र कमी पडू शकते. दुसरीकडे, जुन्या पानांतील प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. तो साठल्यास पेशीस विषारी ठरतो. ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर अमोनियापासून ग्लुटामाइन बनवते. या रूपात नत्र कोवळ्या पानांकडे व भरणाऱ्या दाण्यांकडे जाते.

प्रोलीन

ताणाच्या काळात ग्लुटामेटपासून प्रोलीन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात तयार होते. कोमेजणाऱ्या रायगवतात ते साठत असल्याचे केम्बल व मॅकफर्सन यांनी 1954 मध्ये नोंदवले. प्रोलीन पेशीत पाणी टिकवण्यास व प्रथिनांची रचना राखण्यास मदत करते. पाणी मिळाल्यावर त्याच्या विघटनातून नत्र व ऊर्जा परत मिळते. मात्र प्रोलीन अधिक असलेला वाण अधिक सहनशील असतोच असे नाही. कधीकधी ते केवळ ताणाच्या तीव्रतेचे लक्षण असते.

कडधान्यांतील नत्र स्थिरीकरण

मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. ही क्रिया ताणास फार संवेदनशील असून अनेकदा प्रकाशसंश्लेषणाच्या आधी मंदावते. सोयाबीन व चवळीत गाठींतील नत्र यूराइड संयुगांच्या रूपात पानांकडे जाते. ताणात ही संयुगे साठतात आणि स्थिरीकरण घटते. भुईमुगात ते तुलनेने अधिक काळ टिकते.

कोकणातील संदर्भ

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळातच. जांभ्या जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो व त्याबरोबर नायट्रेटही वाहून जाते. भातकापणीनंतर अंगओलाव्यावर घेतल्या जाणाऱ्या कुळीथ, वाल व चवळी या पिकांना फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना ताण सोसावा लागतो. त्यामुळे भरपूर पावसाच्या या प्रदेशातही अवर्षण ताणाचा प्रश्न उद्भवतो.

कडधान्यांच्या पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम चोळण्याची शिफारस केली जाते. फुलोऱ्यात 2 टक्के यूरियाची फवारणी केल्यास सुकत्या मातीवर विसंबून न राहता पानांवाटे नत्र मिळते.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना 1972) कोकणास अनुकूल वाण विकसित करते. बारामतीजवळील माळेगाव येथे 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे.